भूकंपाची चाहूल आभाळात शोधणारे हायाकावा

जपानचे भौतिकशास्त्रज्ञ प्रा. मासाशी हायाकावा मूळचे रेडिओलहरींचे अभ्यासक. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहर हादरलं, ६ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्यांनी त्सुशिमाहून इनुबोला येणाऱ्या रेडिओ सिग्नलच्या नोंदी तपासल्या. हा सिग्नल वातावरणातल्या आयनांच्या थराला आपटत येतो, म्हणून सूर्योदय-सूर्यास्ताला त्यात ठरलेला बदल दिसतो. भूकंपाच्या काही दिवस आधीपासून तो सकाळी लवकर अन् संध्याकाळी उशिरा होत होता. थर खाली सरकला असावा, असा त्यांचा अंदाज. बऱ्याच भूकंपतज्ज्ञांना हे पटत नाही. सौर वादळानेही हा थर बिघडतो. मग नुसत्या सिग्नलवर शहर रिकामं कोण करणार? प्रश्न रास्तच आहे. हायाकावांनी मात्र पुढेही भूकंपामागून भूकंपाच्या नोंदी तपासणं सोडलं नाही.