श्येनाची दोन रूपे

संस्कृत काव्यातील श्येन, म्हणजेच ससाणा, आरंभी दिव्य होता व पुढे क्रूर मानला गेला, असा समज सहज होतो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील २६ व २७ या सूक्तांत तो स्वर्गातून मनूसाठी सोम आणतो. कृशानु त्याच्यावर बाण सोडतो व त्याचे एक पीस गळून पडते. अवेस्तेतील ‘सएन’ हा सगोत्र शब्दही एका महान पक्ष्याचाच वाचक आहे. उलट महाभारताच्या वनपर्वात श्येन उशीनर राजाला शरण आलेल्या कपोताचा पाठलाग करतो.

तथापि हा कालक्रम टिकत नाही. ऋग्वेदाच्याच दुसऱ्या मंडलातील ४२व्या सूक्तात, शुभसूचक पक्ष्यास श्येनाने मारू नये, अशी प्रार्थना आहे. शत्रुनाशार्थ करावयाच्या अभिचारयागासही ‘श्येन’ हेच नाव आहे. कारण श्येन भक्ष्यावर झडप घालतो, तसा तो याग शत्रूवर कोसळतो. सर्वत्र निरीक्षण एकच: झेप घेऊन हिरावून नेणे. ते कोणासाठी व कोणापासून, यावर स्तुती वा भीती अवलंबून राहते.

वनपर्वातील कवीचे वैशिष्ट्य असे की, त्याने श्येनालाच वाणी दिली. विहित अन्न नाकारल्यास आपण व आपले कुटुंब मरेल, हा त्याचा युक्तिवाद राजालाच हिरावणारा ठरवितो. म्हणून राजास स्वतःचे मांस तोलून द्यावे लागते. अखेरीस श्येन इंद्र असल्याचे उघड होते. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे सुटत नाही.