झोप, ताण आणि ताट: हार्मोन्स बिघडतात कुठे?

शुगर, थायरॉईड आणि पीसीओडी हे तीन शब्द आता कंधारच्या मोहल्ल्यांतही कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हे तिन्ही हार्मोन्सचे आजार आहेत, म्हणजे ग्रंथींतून रक्तात येणाऱ्या आणि शरीराला हुकूम देणाऱ्या रसायनांचे. गोळ्या सुरू होतात, पण घरात झोप किती होते हे सहसा कुणी विचारत नाही. आम्हाला वाटतं, पहिला प्रश्न तोच असावा.

कॉर्टिसॉल या हार्मोनला घड्याळ असतं. पहाटे उठण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं. ते यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं. ती साखर पेशींत पोचवण्याचं काम इन्सुलिनचं. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांच्या शरीराला साखर हाताळायला जास्त वेळ लागू लागला आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल वाढलं. ही तरणीताठी पोरं होती, पेशंट नव्हते. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. रात्री एक वाजता मोबाईल बघताना खारी-बिस्किटाचा डबा का उघडला जातो, ते यातून कळतं.

ताणाचंही तसंच. सोयाबीनचा भाव पडला, मुलीच्या लग्नाचं कर्ज झालं, की शरीर समोर वाघ उभा असल्यासारखं वागतं. वाघ निघून जातो, कर्ज जात नाही. कॉर्टिसॉल चढंच राहतं. जास्त ताण किंवा फार कमी खाणं यांमुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात आणि पाळी लांबते. अशा मुलीला ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ म्हणून गप्प बसवू नका. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरला दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो, म्हणजे आपण ज्याला पीसीओडी म्हणतो तो. यात लाजण्यासारखं काही नाही. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यावरही अनेकींची पाळी सुधारते.

‘आमचा पोरगा काडीसारखा आहे, त्याला कशाची शुगर?’ याला उत्तर पुण्यातलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पोटाभोवतीची अशी लपलेली चरबी इन्सुलिनचं काम अडवते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही लावा: कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

ताटाबद्दल फार सांगायला नको. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी आपलीच आहे. ती सोडून पाव आणि दिवसाला सहा गोड चहा आले. दावतीतली बिर्याणी रोजची नसते, चहातली साखर रोजची असते. मीठ मात्र आयोडीनचंच घ्या, थायरॉईडला ते लागतं. पण ज्याला थायरॉईड झालाय त्याचा आजार नुसत्या झोपेने किंवा पथ्याने जात नाही. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी; लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवावी.

रमजानमध्ये हे सगळं एकदम उलटंपालटं होतं. तरावीहनंतर सहेरीपर्यंत जागून मग दुपारपर्यंत झोपणं टाळा. इशा-तरावीह झाली की लगेच आडवं व्हा आणि दुपारी थोडी डुलकी घ्या. थायरॉईडची गोळी रात्री जेवणानंतर तीन तासांनी किंवा सहेरीच्या अर्धा तास आधी घेता येते. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रमजानच्या महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटा. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोटातून रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे.

सांधेदुखीसाठी कुणी बिननावाच्या पुड्या देत असेल तर त्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड असू शकतं. ते कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, शुगर चढवतं आणि अचानक बंद केल्यास धोकाही होतो. आधीपासून घेत असाल तर पुडी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

तिशीच्या पुढच्या माणसांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, ६.५ पासून पुढे मधुमेह. कंधारच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवलं तर विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि मुलीच्या पाळीच्या तारखा लिहिलेला कागद सोबत ठेवा.