कर्णधार, आजार आणि भाषा : साकू कोइवू यांची मॉन्ट्रियलमधील कारकीर्द (१९९५-२००९)

दि. ९ एप्रिल २००२ रोजी मॉन्ट्रियल येथील मोल्सन सेंटरमध्ये ओटावा सेनेटर्सविरुद्धच्या आइस हॉकी सामन्यापूर्वी प्रेक्षक सुमारे आठ मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवीत होते. कर्करोगावरील उपचार पूर्ण करून कर्णधार साकू कोइवू बर्फावर परतले होते. तो प्रसंग 'आजारावर मात' या साच्यात अनेकदा सांगितला गेला आहे. साचा खोटा नाही; पण त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. या कर्णधारास त्या शहराने आपले कधी मानले, आणि कितपत मानले? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा क्वीबेकमधील फ्रेंच भाषकांच्या अस्मितेचा मानबिंदू होय. मार्च १९५५ मध्ये मॉरिस रिशार या फ्रेंच भाषक खेळाडूवर लीगचे इंग्रजी भाषक अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी बंदी घातली, तेव्हा शहरात दंगल उसळली होती. अशा संघाचे कर्णधारपद हे एक सार्वजनिक पदच ठरते. बॉब गेनी यांच्यासारखे इंग्रजी भाषक कर्णधार संघास पूर्वीही लाभले. परंतु १९९५ मध्ये माइक कीन यांनी फ्रेंच शिकण्याची आपणास गरज वाटत नाही असे म्हणताच मोठा गदारोळ उडाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते अन्य संघात गेले. अर्थात त्या व्यवहाराचे कारण केवळ भाषा होती, असे मानणे धाडसाचे ठरेल.

कोइवू यांचा जन्म १९७४ चा, फिनलंडमधील तुर्कू येथला. कॅनेडियन्सनी १९९३ मध्ये त्यांची निवड केली. १९९५ मध्ये फिनलंडला पहिले जागतिक विजेतेपद मिळवून देऊन ते मॉन्ट्रियलला आले आणि १९९९ मध्ये संघाचे पहिले युरोपीय कर्णधार झाले. मात्र आरंभ सुखाचा नव्हता. दुखापतींमुळे पहिल्या मोसमात ८२ पैकी २४ सामनेच त्यांना खेळता आले, आणि संघ सलग तीन वर्षे बाद फेरीबाहेर राहिला.

सप्टेंबर २००१ मध्ये फिनलंडहून परतताना त्यांना पोटदुखी व उलट्यांचा त्रास झाला. तपासणीत बर्किट प्रकारचा लिम्फोमा आढळला. डेनिस बर्किट या शल्यविशारदांनी युगांडातील बालकांमध्ये पाहून १९५८ मध्ये वर्णिलेली ही गाठ अत्यंत वेगाने वाढते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तीव्र केमोथेरपीचा परिणामही तितकाच चांगला होतो. म्हणजे येथे खेळाडूच्या जिद्दीइतकेच श्रेय वेळीच झालेल्या निदानास व औषधशास्त्रास द्यावे लागते. क्रीडालेखनात हे श्रेय क्वचितच दिले जाते.

परतीचा सामना संघाने ४-३ असा जिंकून बाद फेरी गाठली. तेथे पूर्व विभागात अव्वल असलेल्या बोस्टनला हरवले. पुढे कॅरोलायनाकडून पराभव झाला. बारा सामन्यांत कोइवू यांनी दहा गुण मिळविले. त्या वर्षीचा चिकाटीसाठीचा बिल मास्टर्टन पुरस्कार त्यांना देण्यात आला.

त्या आठ मिनिटांपेक्षा अधिक टिकाऊ गोष्ट निराळीच आहे. उपचारकाळात पेट स्कॅनसाठी त्यांना मॉन्ट्रियलबाहेर शेरब्रुकला जावे लागले होते. शरीरात किरणोत्सारी शर्करा सोडून, ती अधिक शोषणाऱ्या गाठी शोधणारे हे यंत्र त्यांच्या रुग्णालयात नव्हते. कोइवू यांनी स्वतःच्या नावाने प्रतिष्ठान काढले, निधी जमविला आणि मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलला पेट-सीटी यंत्र मिळाले. आपल्या आजाराचे रूपांतर त्यांनी शहराच्या मालमत्तेत केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

एप्रिल २००६ मध्ये प्रतिस्पर्ध्याची काठी लागून त्यांच्या डाव्या डोळ्याचे पटल दुखावले व कडेची दृष्टी अंशतः कायमची गेली. तरीही पुढच्या मोसमात ७५ गुणांची, कारकिर्दीतील सर्वोच्च, कामगिरी त्यांनी नोंदविली.

आणि २००७ मध्ये जुना प्रश्न परत आला. मोसमाच्या आरंभी कोइवू यांनी प्रेक्षकांना आपला परिचय इंग्रजीत करून दिला, त्यावरून वाद झाला. अल्पसंख्याकांशी जुळवून घेण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या बुशार-टेलर आयोगापुढेही एका वकिलांनी कर्णधारास फ्रेंच येत नसल्याची तक्रार मांडली. टीकाकारांना कृतघ्न ठरविणे सोपे आहे. परंतु अस्तित्वाच्या चिंतेत असलेल्या भाषिक समाजाने आपल्या सर्वांत दृश्य पदाकडून आपल्या भाषेची अपेक्षा धरणे समजण्यासारखे आहे. चूक एवढीच, की रुग्णालयाला दिलेले यंत्र त्या हिशोबात कोणी धरले नाही; आणि आजाराबद्दलचा जिव्हाळा भाषेची उणीव भरून काढील, हीही अपेक्षा भाबडीच होती.

कोइवू २००९ मध्ये अॅनाहाइमला गेले. दहा वर्षांचे त्यांचे कर्णधारपद कालावधीने झां बेलिव्हो यांच्या बरोबरीचे होते. मात्र बेलिव्होंच्या वाट्यास आलेला स्टॅनले चषक त्यांना कधीच लाभला नाही. जानेवारी २०११ मध्ये ते प्रतिस्पर्ध्याच्या पोशाखात मॉन्ट्रियलला खेळावयास आले, तेव्हा प्रेक्षक पुन्हा उभे राहिले. तोपर्यंत कॅनेडियन्सचे कर्णधारपद ब्रायन जायोन्टा या अमेरिकी खेळाडूकडे गेले होते.