मिठागर, भरती आणि जकात

हैदराबादला समुद्र नाही. नारायणगुड्याच्या बाजारातलं मीठ कायम दूरच्या किनाऱ्यावरूनच येत आलं. म्हणून मिठागर बघायला गेलो की आपण पाणी आणि ऊन बघतो, जकात विसरतो.

तंत्र तसं सोपं. खाडीकाठच्या सखल खाजणात बांध घालायचे, उधाणाचं पाणी आत घ्यायचं आणि एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून एक-दशांशावर आलं की मिठाचे खडे धरू लागतात. पाऊस आला की हंगाम संपला.

पण मिठागर टिकणार की नाही, हे नुसतं ऊन ठरवत नाही. ७ डिसेंबर १६७१ च्या पत्रात शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पोर्तुगीज बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. तिकडचं मीठ स्वस्त पडलं तर व्यापारी तिकडेच वळणार, आणि स्वराज्यातली मिठागरं बसणार. पुढे १८७८ च्या तहाने गोव्यातल्या मीठ-उत्पादनावर इंग्रजांचं नियंत्रण आलं. तेव्हा मार बसला तो गोव्याच्या मिठागरांना. १९३० मध्ये शिरोड्याचा सत्याग्रह झाला, तोही मिठाच्या कायद्याविरुद्धच.

उन्हाळ्यात गोव्याला गेलात तर पेडण्यातल्या आगरवाड्याला जरूर जा. वाफे बघा, आणि मीठ काढणाऱ्याला किलोमागे काय सुटतं तेही विचारा. १६७१ च्या पत्राचा विषय तोच आहे.