फूड ट्रेलरमधला जुना फ्रीज बंद पडला: दुरुस्त करायचा की बदलायचा?

नांदेड-लातूर रस्त्यावरून जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर असं कुठेही थांबा, पिकअपला जोडून ओढत न्यायचा एखादा पत्र्याचा फूड ट्रेलर दिसेलच. परदेशात अशाच ट्रेलरमध्ये लोक राहतात, फिरतात. आपल्याकडे राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण मराठवाड्यात चाकावरचा फ्रीज बघायचा तर तो पावभाजी आणि लस्सीच्या ट्रेलरमध्येच.

माझ्या मामांचा असा एक ट्रेलर आहे, सेकंडहँड घेतलेला. आत १९० लिटरचा सिंगल डोअर फ्रीज, तोही ट्रेलरसोबतच आलेला, बारा वर्षं जुना. मागच्या एप्रिलमध्ये लातूरला एका मैदानावर तो बंद पडला. सकाळी उघडला तर आठ लिटर दूध फाटलेलं आणि तीन किलो पनीरला वास. मामांचा फोन आला, "अरे, आवाज तर यायलाय की, पण गार काहीच नाही." मेकॅनिक आला, मागे हात लावला आणि म्हणाला, गॅस गेला. २,२०० रुपये घेऊन गॅस भरला. दहा दिवसांनी फ्रीज परत बंद.

नंतर कळलं की पहिल्या वेळी गॅस गेलेलाच नव्हता. तो खर्च कसा टाळता आला असता आणि शेवटी फ्रीज बदलायचा निर्णय कसा झाला, ते सांगतो. घरचा, दुकानातला किंवा रसवंतीवरचा फ्रीज असेल तरी यातलं बरंच लागू पडतं.

गॅस संपत नाही, गळतो

फ्रीजमधला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरतो. कंप्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून फ्रीझरमध्ये जाऊन उकळतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. यात गॅस खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे. छिद्र न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

गॅस खरंच कमी असेल तर त्याची खूण वेगळी असते. कंप्रेसर न थांबता चालत राहतो, त्याची घुरघुर अखंड ऐकू येते, आणि फ्रीझरच्या एका कोपऱ्यातच बर्फ धरतो, बाकी भाग कोरडा.

मामांच्या फ्रीजचा आवाज तसा नव्हता. मी त्यांना फ्रीजच्या मागे फोन ठेवून पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगितलं. (हे तुम्हीही करा. मेकॅनिकला फोनवर वर्णन सांगण्यापेक्षा हा व्हिडिओ दहापट कामाचा.) त्यात स्पष्ट ऐकू येत होतं: हूंऽऽ असा तीन-चार सेकंदांचा आवाज, मग 'टक', मग शांतता. काही मिनिटांनी परत हूंऽऽ, टक. म्हणजे कंप्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं, आणि ओव्हरलोड नावाचा छोटा भाग तापून वीज तोडत होता. ही इलेक्ट्रिकल तक्रार आहे, गॅसची नाही.

व्होल्टेज: मैदानावरचा खरा चोर

साधा कंप्रेसर चालताना १०० ते १५० वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट करंट ओढतो. घरात हे जाणवत नाही. मैदानावर जाणवतं, कारण तिथे वीज लांबून, बारीक वायरीवरून येते.

हिशोब बघा. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण १८ मिलिओहम असतो. तीस मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर, सुमारे १ ओहम. मिक्सर, दिवे आणि सुरू होणारा फ्रीज मिळून १५ अँपिअर ओढत असतील तर वायरीतच १५-१६ व्होल्ट गेले. मंडपवाल्याकडून मुळात १९० व्होल्ट येत असतील तर फ्रीजला १७५ मिळाले. एवढ्यावर जुना कंप्रेसर उठत नाही. तो नुसता गुरगुरतो आणि तापतो.

म्हणून पहिली तपासणी मल्टीमीटरने, आणि तीही फ्रीजच्या सॉकेटवर, कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी. रिकाम्या सॉकेटवर २२० दिसलं म्हणून खूश होऊ नका. आम्ही नंतर वायर २.५ चौरस मिलिमीटरची केली आणि फ्रीज चालू होताना मिक्सर बंद ठेवायची सवय लावली.

याच वेळी अर्थिंगही बघून घ्या. पत्र्याचा ट्रेलर, ओलं मैदान आणि गळकी वायर हे जीवघेणं आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली नसेल तर फ्रीजच्या आधी ती बसवा.

व्होल्टेज ठीक असूनही 'टक' होत असेल तर संशय रिले आणि ओव्हरलोडवर. दोन्ही भाग कंप्रेसरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतात आणि काही शे रुपयांत बदलतात. ते काढले की कंप्रेसरच्या तीन पिना दिसतात. प्लग काढून, मल्टीमीटर ओहमवर लावून तिन्ही जोड्या मोजा. दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी आली आणि कोणत्याही पिनेपासून कंप्रेसरच्या लोखंडी अंगापर्यंत काहीच दाखवत नसेल, तर वाइंडिंग बहुतेक शाबूत आहे. अंगाला जोड दाखवला तर कंप्रेसर गेला. ही तपासणी मेकॅनिकसमोर करा, तुमच्याशी बोलण्याचा त्याचा सूरच बदलतो.

मग दुसऱ्यांदा का बंद पडला?

पहिल्या मेकॅनिकने रिले बदलला होता आणि सोबत गॅसही भरला. रिलेने फ्रीज चालू झाला, श्रेय गॅसला गेलं. पण गॅस भरताना त्याने बंद नळी कापून तिथे व्हॉल्व्ह बसवला. तिथून ट्रेलर लातूर, अहमदपूर, नांदेड असा सुमारे १४० किलोमीटर धक्के खात आला आणि त्या सांध्यातून गॅस हळूहळू निघून गेला. साबणाचा फेस लावला तेव्हा बुडबुडे दिसले. म्हणजे धडधाकट भागात छिद्र पाडायचे पैसे आम्हीच दिले होते.

नळ्या उघडायचीच वेळ आली तर मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. व्हॅक्यूम पंप आणलाय का? कारण आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि मार्ग बंद करतो. फिल्टर-ड्रायर नवीन घालणार का? आणि गॅस काट्यावर मोजून भरणार की अंदाजाने? लेबलवर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो, फोनने त्याचा फोटो काढून ठेवा.

त्या लेबलवर गॅसचं नावही असतं. जुन्या फ्रीजमध्ये आर-१३४ए असतो, तो पेट घेत नाही. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला धोका नाही, वीज कमी लागते, पण तो ज्वलनशील आहे. घरात साधारण तीस-साठ ग्रॅम गॅस हवेशीर खोलीत विरून जातो. बंद ट्रेलरमध्ये तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि शेजारीच शेगडी पेटलेली असते. त्यामुळे आर-६००एचं काम ट्रेलरच्या आत, ज्योत लावून कोणालाही करू देऊ नका. फ्रीज बाहेर काढा. आणि "१३४ए महाग आहे, त्याच फ्रीजमध्ये ६००ए भरतो" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तापलेल्या पत्र्यात फ्रीज

अजून एक गोष्ट आमच्याच चुकीने झाली होती. जागा वाचवायला मामांनी फ्रीज भिंतीला टेकवून मागे थर्माकोल ठोसला होता. मागची जाळी उष्णता टाकणार कुठे? फ्रीजच्या लेबलवर क्लायमेट क्लास असतो. 'टी' म्हणजे ट्रॉपिकल, पण त्याचीही हद्द भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत. नांदेडला मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या ट्रेलरमध्ये शेगडीशेजारी किती होत असेल, तुम्हीच सांगा.

उपाय स्वस्त आहे. फ्रीजमागे चार बोटं जागा, भिंतीला खाली एक जाळी आणि वर एक जाळी, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि थंड हवा खालून येते. वरच्या जाळीला कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला की झालं.

फरक फोनच्या स्टॉपवॉचने मोजता येतो. कंप्रेसर किती मिनिटं चालला आणि किती मिनिटं थांबला ते दोन तास टिपा. आमच्याकडे थर्माकोल काढण्याआधी तो तासातली पन्नास मिनिटं चालायचा, जाळ्या केल्यावर पस्तीसच्या आसपास आला. आतलं तापमान ५ अंश किंवा खाली हवं, एफएसएसएआयच्या नियमातही हाच आकडा आहे. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभरानंतर बघा. पुढच्या नॉबवरचे आकडे तापमान दाखवत नाहीत.

दुरुस्ती कुठपर्यंत?

रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, दाराचं रबर, वायर हे सगळं नळ्यांच्या बाहेरचं. ते बिघडलं तर बिनधास्त दुरुस्त करा, फ्रीज वीस वर्षांचा असला तरी. सांध्यातली गळती दिसत असेल आणि फ्रीज सहा-सात वर्षांच्या आतला असेल तर एकदा नीट काम करून घ्या. पण कंप्रेसर गेला असेल किंवा गळती भिंतीच्या फोममधल्या नळीत असेल तर मी पैसे घालणार नाही. आम्हाला दुसऱ्या मेकॅनिकने सांधा, ड्रायर, गॅस आणि कंप्रेसर मिळून साडेपाच हजार सांगितले. कारण कमी गॅसवर दिवसरात्र चालून कंप्रेसरही दमला होता. बारा वर्षांच्या फ्रीजला एवढे? मामाच म्हणाले, "नगं आता. दोनदा गंडलो, बास झालं."

बदलायचा तर कोणता?

माझ्या डोक्यात आधी परदेशी ट्रेलरमधला गॅसवर चालणारा फ्रीज होता. ती भन्नाट यंत्रणा आहे. स्टॉकहोममध्ये प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ती बनवली. कंप्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही, फक्त उष्णतेवर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन फिरत राहतात. हॉटेलच्या खोलीतले बिनआवाजाचे मिनीबार बहुतेक याच जातीचे, आणि जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळतात. पण घेऊ नका. ट्रेलर जवळपास सपाट उभा नसेल तर तो नीट चालत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात ५ अंश गाठताना त्याची दमछाक होते. विजेवर चालवला तर १०० वॉटच्या आसपास सतत ओढतो. मागे पिवळी पावडर किंवा अमोनियाचा वास आला तर तो संपला, दुरुस्ती परवडत नाही.

दुसरा पर्याय घरगुती फ्रीज आणि इन्व्हर्टर. सरासरी ४० वॉट धरले तरी दिवसाला ९६० वॉट-तास होतात. तुमच्या ५,००० एमएएच फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास मावतात, म्हणजे पन्नास फोनच्या बॅटऱ्या रोज. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, पण लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते, म्हणून वापरायचे ९००. त्यात इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो. मैदानावर रोज चार्जिंग मिळत असेल तरच हे जमतं. हा मार्ग घ्यायचा तर इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हचा आणि फ्रीज इन्व्हर्टर कंप्रेसरचा घ्या, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी बसतो.

आम्ही तिसरा घेतला: वरून उघडणारा, थेट १२ व्होल्टवर चालणारा १०० लिटरचा डीसी फ्रीज. लिटरमागे तो घरगुती फ्रीजपेक्षा महाग पडतो, हे आधीच सांगतो. पण चालताना तो ५०-६० वॉट घेतो, मध्ये इन्व्हर्टर नाही, आणि वरून उघडल्यामुळे थंड हवा पायावर सांडून जात नाही. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल आहे, चांगल्या उन्हात दिवसाचा बराचसा खर्च तिथूनच निघतो. वायर मात्र जाड हवी. १२ व्होल्टवर अर्धा व्होल्ट पडला तरी कंट्रोलर कंप्रेसर बंद करू शकतो. आम्ही बॅटरीपासून थेट ६ चौरस मिलिमीटरची, फ्यूज लावून ओढली.

डिसेंबरात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तो सलग पाच दिवस चालला, दूध एकदाही फाटलं नाही. अडचण एकच, खालचं पनीर काढायला वरचं सगळं उपसावं लागतं. मामी त्यावरून रोज बोलतात.

जुना फ्रीज भंगारवाल्याला देणार होतो, पण तो नळ्या कापून उरलेला गॅस हवेत सोडतो. ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीज येतो, त्यामुळे नवीन घेताना दुकानदाराकडे एक्स्चेंज किंवा अधिकृत रिसायकलरची चौकशी करा. आमचा सध्या कंप्रेसरसकट ट्रेलरमध्येच उभा आहे, आत कागदी प्लेटा आणि पावाच्या लाद्या. मुंग्या लागत नाहीत म्हणून मामा तो द्यायला तयार नाहीत.