आकाशलहरी कोणाच्या? तारखात्याच्या कायद्यापासून हिरो कपापर्यंत

नोव्हेंबर 1993. हिरो कपाचे सामने तोंडावर आले होते आणि ते जगाला दाखवण्यासाठी आलेली यंत्रसामग्री मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने अडवून ठेवली होती. सामग्री टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीची. तिला प्रक्षेपणाचे हक्क विकले होते क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालने. सरकारी बाजूचे म्हणणे असे, की भारताच्या भूमीवरून चित्र आकाशात सोडण्याचा अधिकार सरकारचा, आणि त्याच्या अनुमतीविना तो कोणालाही वापरता येणार नाही.

उपांत्य सामन्यातील सचिन तेंडुलकरचे शेवटचे षटक आणि अंतिम सामन्यात अनिल कुंबळेने 12 धावांत घेतलेले 6 बळी क्रिकेटरसिकांना आजही तोंडपाठ आहेत. त्याच स्पर्धेने न्यायालयासमोर उभा केलेला प्रश्न मात्र क्वचितच आठवला जातो. आकाशातील लहरी कोणाच्या मालकीच्या? हा थ्रेड त्या प्रश्नाचा. त्यासाठी 1885 पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीच्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारला दिला. 1857 च्या उठावात तारेचे मोल इंग्रजांना पुरते कळले होते, तेव्हा हा अधिकार त्यांनी मुठीत ठेवला यात नवल नाही. नवल पुढेच आहे. मार्कोनीचे प्रयोग अजून व्हायचे होते, दूरचित्रवाणी तर कल्पनेतही नव्हती. तरीही ‘तार’ या एका शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत आधी नभोवाणी आणि मग दूरचित्रवाणी बसवली गेली. 1933 च्या दुसऱ्या एका कायद्याने बिनतारी संच परवान्याविना बाळगणे हाच गुन्हा ठरवला. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, पण हे दोन्ही कायदे जागच्या जागी राहिले.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी आकाशवाणीच्या छत्राखाली दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. मुंबई केंद्र उघडले 2 ऑक्टोबर 1972 रोजी, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले.

प्रेक्षकाच्या घरात सरकारी मक्तेदारी शिरली ती परवान्याच्या रूपाने. संच घेतला, की टपाल कचेरीत जायचे, परवाना काढायचा आणि दरवर्षी 50 रुपये भरून त्याचे नूतनीकरण करायचे. 1985 साली ही पद्धत बंद झाली. ब्रिटनमध्ये असेच परवाना शुल्क बीबीसीच्या स्वायत्ततेचा आधार मानले जाते. भारताने शुल्क उचलले, स्वायत्तता उचलली नाही. प्रेक्षक पैसे भरत होता, पण काय दाखवावे यात त्याला कवडीचाही अधिकार नव्हता. त्याच्या हाती उरले होते गच्चीवरच्या अँटेनाची दिशा फिरवणे, पडद्यावरच्या मुंग्या गेल्या का हे खालच्या माणसाला ओरडून विचारणे, आणि ऐन रंगात आलेल्या नाटकाच्या मध्ये ‘व्यत्यय’ अशी पाटी झळकली, की तिच्याकडे पाहत बसणे.

म्हणून प्रेक्षक मुका होता असे मात्र नाही. तो पत्रे लिहीत असे. मुंबई केंद्रावर आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली. पाहणाऱ्यांनी एकत्र येऊन काही करावे, ही कल्पना त्या काळात विलक्षणच म्हणावी लागेल. मात्र लोकांनी लिहिलेली पत्रे वाचायची की नाही हे निर्मात्याच्या मनावर होते. पत्र हा हक्क नव्हता.

या मक्तेदारीचे खरे रूप दिसले ते आणीबाणीत. जून 1975 अखेर इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून माहिती व प्रसारण खाते काढून ते विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आले. आणि नेमक्या त्याच दिवसांत, 1 ऑगस्ट 1975 पासून, देशातील एक थोर प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील 2,400 खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचू लागले. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. ज्या खेड्यांत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तेथे चित्र पोहोचले, ही कामगिरी नाकारता येणार नाही. पण त्याच वेळी शहरातील वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि बातम्यांत फक्त सरकारची बाजू उरली होती. तंत्रज्ञान मुक्ती देते हे वाक्य आजही सहज फेकले जाते; ते फेकणाऱ्यांनी 1975 चा ऑगस्ट एकदा तपासून पाहावा.

6 फेब्रुवारी 1977 चा किस्सा तर प्रसिद्धच आहे. निवडणूक जाहीर झाली होती. जगजीवन राम नुकतेच काँग्रेसमधून बाहेर पडले होते आणि दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांच्यासह त्यांची सभा होती. त्या रविवारी संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला. लोकांनी घरी बसावे हा हेतू कोणापासून लपला नाही. तरीही मैदान भरले. प्रेक्षकाने संच बंद करून आपले मत नोंदवल्याचे हे बहुधा आपल्या इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण असावे.

जनता सरकारने बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 1978 मध्ये ‘आकाश भारती’ या नावाचा राष्ट्रीय प्रसारण न्यास सुचवला. 1979 चे विधेयक या शिफारशींहून पुष्कळच सौम्य होते, आणि लोकसभा बरखास्त झाल्यावर तेही बारगळले. चंदा समितीने 1966 मध्येच आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी वेगळ्या महामंडळांची शिफारस केली होती. विरोधात असताना स्वायत्तता हवीशी वाटते आणि सत्तेत आल्यावर तिची घाई वाटेनाशी होते, हा अनुभव एकाच पक्षापुरता मर्यादित नाही.

मग आला रंग. त्याचा आग्रह धरणारे मंत्री होते वसंत साठे. गरीब देशाला रंगीत संचाची चैन कशाला, असा वाद तेव्हा संसदेपासून चहाच्या टपरीपर्यंत चालला होता. 15 ऑगस्ट 1982 रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये आशियाई क्रीडास्पर्धा रंगांत दिसल्या. 1984 मध्ये काही महिने जवळजवळ दिवसाला एक या गतीने सहक्षेपण केंद्रे उघडली गेली. ते निवडणुकीचे वर्ष होते. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहिले, तर या झगमगाटाची किंमत अशी, की संध्याकाळचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला आणि प्रादेशिक कार्यक्रमांना उरलेल्या वेळेत दाटीवाटीने बसावे लागले.

या दशकात प्रेक्षकाने आपले म्हणणे मांडण्याच्या नव्या वाटा शोधल्या, आणि त्या चकित करणाऱ्या आहेत. 1988 मध्ये ‘रामायण’ संपत आले, तेव्हा उत्तरकांडाची कथाही दाखवावी म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकींना आपले मानणाऱ्या समाजाची ती मागणी होती. सरकार नमले आणि लव-कुशाची कथा पडद्यावर आली. ही घटना अनेकदा भक्तीचा अतिरेक म्हणून हसण्यावारी नेली जाते. ते अन्यायाचे आहे. ज्यांना कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या खोलीत कधीच प्रवेश नव्हता, त्यांनी आपल्या हाती असलेल्या एकमेव बळाचा उपयोग केला होता.

दुसरी वाट न्यायालयाची. त्याच वर्षी जानेवारीत भीष्म साहनींच्या कादंबरीवर आधारलेली गोविंद निहलानींची ‘तमस’ ही मालिका थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तेथे नागपूरच्या उच्च न्यायालयातील एक जुनी कसोटी आधाराला घेतली गेली. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1947 च्या सुमारास घालून दिलेल्या त्या कसोटीनुसार कलाकृतीचा परिणाम विचारी आणि खंबीर माणसावर काय होईल ते पाहायचे, पदोपदी भय वाटणाऱ्यावर नव्हे. पुढे भोपाळ वायुदुर्घटनेवरील ‘बियाँड जेनोसाइड’ हा माहितीपट दूरदर्शनने नाकारला. राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेला हा चित्रपट. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. सरकारच्या मालकीचे माध्यम म्हणजे सरकारच्या मर्जीचे माध्यम नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

तोवर मुंबईच्या इमारतींमध्ये एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या. 1991 च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचे आकर्षण वाढले, आणि 1992 मध्ये झी आली. चित्रे परदेशातून वरून येत होती. तार अधिनियमाला आता आकाशाचे दार लावता येत नव्हते.

हिरो कपाचा खटला या पार्श्वभूमीवर उभा राहिला. आधी कलकत्ता उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. सामने पार पडले, करंडक भारताने जिंकला, खटला चालूच राहिला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी स्वतःच्या आणि न्यायमूर्ती एस. मोहन यांच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात म्हटले, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांनी वेगळे, पण त्याच दिशेचे निकालपत्र लिहिले.

या निकालाचे वर्णन पुष्कळदा ‘सरकारी मक्तेदारीचा अंत’ असे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. निकालाने खासगी कंपन्यांनाही मालकी दिली नव्हती. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा प्रेक्षकाचा हक्क येतो, आणि तो हक्क जसा सरकारपासून तसाच पैशापासूनही जपावा लागेल, असा त्याचा रोख होता. त्यासाठी समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणारी स्वायत्त संस्था केंद्राने तातडीने स्थापन करावी, असा आदेशही होता. टपाल कचेरीच्या रांगेत परवान्यासाठी उभा राहिलेला माणूस येथे प्रथमच कायद्याच्या मध्यभागी आला.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येते. 1990 मध्ये संमत झालेला प्रसार भारती अधिनियम 1997 मध्ये अमलात आला, पण तो दूरदर्शन आणि आकाशवाणीपुरता. सर्व प्रसारणासाठी नियामक सुचवणारे 1997 चे विधेयक लोकसभेबरोबर विरून गेले. 2004 पासून केबल आणि वाहिन्यांच्या दरांचे काम ट्रायकडे आले, म्हणजे मुळात दूरध्वनीसाठी निर्माण झालेल्या नियामकाकडे. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या नव्या दररचनेनुसार 100 वाहिन्यांसाठी कर वगळून कमाल 130 रुपयांचे मासिक शुल्क ठरले आणि घरोघरी कोणती वाहिनी ठेवायची, कोणती सोडायची यांच्या याद्या सुरू झाल्या.

1885 च्या तार अधिनियमाची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम संसदेने डिसेंबर 2023 मध्ये संमत केला. न्यायमूर्ती सावंतांच्या निकालपत्रातील ती संस्था अजून स्थापन झालेली नाही.