आईच्या हातात निर्णय, तर लेकराच्या अंगी बाळसं : करकंब परिसरातील प्रत्येक घराने वाचावी अशी माहिती

करकंब : लेकरू तापाने फणफणलं, तर दवाखान्यात कधी न्यायचं हे आपल्या घरात कोण ठरवतं? गाडीभाड्याचे पैसे कोणाकडे असतात? सासूबाई किंवा मालक घरी नसतील तर आई एकटी निघू शकते का? मुलांचं आरोग्य औषधांइतकंच या प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून असतं.

लग्नाचं वय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४० टक्के महिलांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं. राज्यात हे प्रमाण जवळपास २२ टक्के आहे. पोरीचं स्वतःचं अंग भरायच्या आत बाळंतपण आलं, तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. त्याच सर्वेक्षणात राज्यातील निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि पाच वर्षांखालील दर १०० पैकी ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी होती.

शिक्षणाने काय होतं?

१७५ देशांच्या आकडेवारीचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० ते २००९ या काळात बालमृत्यू जेवढे घटले, त्यातली निम्मी घट महिलांच्या वाढत्या शिक्षणामुळे झाली, असा त्याचा निष्कर्ष होता.

शेजारचं उदाहरण : जामखेड

आपल्या करमाळ्याच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. मुलांचं वजन करणं, स्वच्छ बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देणं हे त्या शिकल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. तेव्हा तिथे जन्मलेल्या हजारातली १७० हून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. औषधं होतीच, पण गावाने बाईचं ऐकायला सुरुवात केली, हा मोठा बदल होता.

उसाच्या फडातली आई

आपल्या भागात हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात. आई पहाटेच फडात जाते, लेकरू खोपीवर राहतं. अंगावर पाजायला वेळ मिळत नाही, लशीची तारीखही चुकते. अशा मुलांना मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीतही आहार व लस मिळू शकते. शेतमालक आणि मुकादमांनी एवढी माहिती त्या माउलीपर्यंत पोचवावी.

हे माहीत असू द्या

• प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. पैसे आईच्याच आधार जोडलेल्या खात्यावर येतात. नोंदणीसाठी आशाताई किंवा अंगणवाडीताईंना भेटा.

• प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कशावर खर्च झाली, हे त्या सभेत विचारा.

• सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजतात. अंगणवाडीत दंड मोजून घ्या आणि कमी भरल्यास थेट सरकारी दवाखाना गाठा.

• बालविवाह होत असल्याचं कळलं तर १०९८ वर फोन करा किंवा ग्रामसेवकांना कळवा.

घरातल्या पुरुषांनीही एक गोष्ट करावी. आईच्या खात्यावर आलेला पैसा तिच्याच हाती राहू द्यावा आणि "दवाखान्यात न्यायला पाहिजे" असं ती म्हणाली, की त्याच वेळी गाडी काढावी.